एकतीस ठोके

वजनमापांच्या प्रयोगशाळेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत त्या दिवशी पहिल्यांदाच मी प्रमाण वजनाला उघड्या बोटानं स्पर्श केला. एक किलोचं वजन, घासून आरशासारखं केलेलं, काचेच्या हंडीखाली ठेवलेलं. त्याला हात लावायचा नसतो. टोकांना मऊ चामडं लावलेल्या चिमट्यानं ते उचलायचं, तेही श्वास बाजूला सोडून, आणि तराजूच्या तबकात ठेवल्यावर खोलीतून बाहेर पडायचं, कारण माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा काट्याला कळते. शेजारच्या खोलीत बसून, भिंतीतल्या काचेतून दुर्बिणीनं काटा वाचायचा. नव्यानं रुजू होणाऱ्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्या हसू दाबतात. बाईंच्या खोलीत शिंकायलासुद्धा अर्ज करावा लागतो, असं त्यांच्यात बोललं जातं, तेही मला ठाऊक आहे. बोटाच्या ठशाला वजन असतं. मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाइतकं असेल, पण असतं, आणि तेवढ्यानं वजन खोटं होतं. हे सगळं तोंडपाठ असताना मी हंडी उचलली आणि एखाद्या लहान मुलाच्या गालाला लावावं तसं बोट त्या वजनाला लावलं. मग भानावर आले आणि नोंदवहीत लिहिलं, 'वजन क्रमांक दोन. हाताळताना चूक. धुऊन आठ दिवस न वापरता ठेवणे.' 'चूक' लिहिताना पेन क्षणभर थांबलं, कारण 'चुकून' हा शब्द पाच मिनिटांपूर्वी फोनवर ऐकला होता.

फोन तरुण पाळकांचा होता. लहानपणी ज्या चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो, तिथं ते दीड वर्षापूर्वी आले. उत्साही आहेत, मोठ्यानं बोलतात, मला मावशी म्हणतात. "मावशी, स्वातंत्र्याला यंदा पन्नास वर्षं होतायत, मंडळीची स्मरणिका काढतोय आपण. तुमच्या बाबांची ती घंटेची गंमत आहे ना, तेवढी दोन पानं लिहून द्या." मी विचारलं, "कुठली गंमत?" "अहो, तीच! स्वातंत्र्याच्या सकाळी त्यांनी चुकून मर्तिकाची घंटा वाजवली ती. सगळं गाव नाचतंय आणि आमचे घंटेवाले बाबा म्हणतायत, ठण्ण... ठण्ण... काय गोड आहे हो! मी प्रवचनातसुद्धा वापरलीय. आजी-आजोबा लोकांना हसून हसून ठसका लागला." मी म्हटलं, "बघते." ते म्हणाले, "बघू नका, लिहाच. घरचं माणूस लिहील त्याची सर कशाला येणार?" मी फोन ठेवला, खोलीत परत गेले आणि ते बोट लावलं.

गोड. हा शब्द बाबांना पहिल्यांदा कोणी लावला ते मला सांगता येणार नाही. निदान पहिली काही वर्षं तो नव्हता. पहिली काही वर्षं रस्त्यातली मुलं आम्हाला पाहून 'ठण्ण' करायची आणि मोठी माणसं विचारायची, काय हो, साहेब गेले म्हणून अजून सुतक आहे का? मग तो राग निवला, त्याचं हसू झालं, आणि हसणारी माणसं म्हातारी झाली तशी त्यातली धार जाऊन नुसती साखर उरली. माझी बहीण त्या दिवशी दोन वर्षांची होती. तिच्याकडं बाबा आले ते हेच, विसरभोळे, एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसऱ्याच जोडीची वहाण घालून बाहेर पडणारे. ती त्यांची नक्कल करते. तिच्या मुलांनी आजोबांना पाहिलेलं नाही, पण तीही नक्कल करतात. मी कधीच हसले नाही, आणि मला विनोद कळत नाही असं घरात सगळ्यांनी समजून घेतलं आहे. मीही ते तसंच राहू दिलं. कारण न हसण्याचं खरं कारण सांगायचं तर एक आकडा सांगावा लागला असता, आणि तो आकडा आपण मोजलाच नाही असं मी दोनदा सांगून चुकले होते.

मनोऱ्याची एक भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत एकच होती. घंटा वाजायला लागली की फडताळातल्या बशा एकमेकींना लागून बारीक किणकिणत आणि आई न बघता हात लांब करून सर्वांत वरच्या बशीवर तळवा ठेवी. मनोऱ्यात दोन दोर होते. मोठ्या दोरानं अख्खी घंटा झुलायची; तो उपासनेचा, लग्नाचा, सणाचा. लहान दोराला नुसता हातोडा बांधलेला होता. घंटा हलायची नाही, एकच ठोका पडायचा. तो मर्तिकाचा. मंडळीतलं कोणी गेलं की त्याच्या वयाची जितकी वर्षं तितके ठोके, आणि दोन ठोक्यांमध्ये मनात नऊपर्यंत मोजायचं. रस्त्यावरची माणसं हातातलं काम थांबवून मोजत उभी राहत. बहात्तर झाले की म्हणत, सुताराची आई गेली वाटतं. चारवर थांबली तर काही म्हणत नसत. हे मोजणं मला बाबांनी शिकवलं. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसायची, ठोके त्यांनी मोजायचे आणि मधले नऊ मी बोटांवर. ते म्हणत, "दोघांनी मोजलं की चूक होत नाही. माणसाला त्याचं एक वर्षही कमी देता कामा नये, आणि जास्तही नाही. ते त्याचं असतं." पुढं प्रयोगशाळेत दुहेरी वाचनाचा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवला, तेव्हा मला तो नवा वाटला नाही.

काका बाबांचा धाकटा भाऊ. बाबा त्याला शेवटपर्यंत 'धाकटा' म्हणत, बाकी सगळे खिळेकाका, कारण तो मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. खिळे म्हणजे शिशाची उलटी अक्षरं; ती तो आपण सुलटी वाचतो त्याहून भराभर वाचायचा आणि मलाही शिकवायचा. अजून मला आरशातलं लिखाण वाचायला त्रास पडत नाही. त्याच्या बोटांची टोकं कायम काळी असत. माझी बेरीज बरोबर आली की तो वहीच्या समासात अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, घे, पदक. आई ओरडायची, "भावजी, वही आहे ती, पोलीस चौकी नाही." तो हसायचा. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं की दुपारच्या सुट्टीत, भजनांचं पुस्तक छापायच्या त्याच यंत्रावर, तो आणखी काही छापतो. चळवळीची पत्रकं महिनाभर शहरात फिरत होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पत्रकातल्या एका अक्षराचा कोपरा जसा तुटलेला आहे, तसाच भजनांच्या पुस्तकातही तुटलेला आहे. त्याला घेऊन गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याआधी एकदा जेवताना चर्चच्या तेव्हाच्या थोरल्या पाळकांशी झालेलं त्याचं बोलणं मला आठवतं. थोरले पाळक वाईट नव्हते. चर्चची जमीन, शाळा, दवाखाना, सगळे कागद राज्यकर्त्यांच्या मर्जीवर होते आणि ते कागद त्यांच्या झोपेत येत असावेत. ते म्हणाले, "अरे, आपलं स्वातंत्र्य आत्म्याचं. ते आपल्याला केव्हाच मिळालंय. बाहेरच्या राज्याशी आपल्याला काय?" काकानं घास खाली ठेवला. "साहेब, बाप्तिस्म्याच्या दिवशी तुम्हीच मला विचारलंत, कोणाची चाकरी करशील. मी एकाच धन्याचं नाव सांगितलं. दुसऱ्या कोणाचं सांगितल्याचं मला तरी आठवत नाही." पाळक हसले नाहीत. बाबा म्हणाले, "धाकट्या, आधी जेव." आणि काका जेवला.

त्याचं नाव मंडळीच्या रजिस्टरातून काढलं गेलं. मधोमध एक तांबडी रेघ, पट्टी ठेवून मारलेली. पुढं दोन वर्षांनी तो तुरुंगात तापानं गेला, आणि त्यांनी त्याला तिथंच कुठंतरी पुरलं. आई शेजारणीला सांगत होती ते मी ऐकलं, "एकोणतीस पूर्ण झाले होते हो. हे काय जायचं वय आहे?" बाबा थोरल्या पाळकांकडं गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. मला का नेलं असेल? एकट्यानं मागायचं धैर्य नसेल. म्हणाले, "देह नाही मिळाला. निदान घंटा देतो." पाळकांनी आधी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "ज्याचं नाव रजिस्टरात नाही, त्याची घंटा कशी देणार? तूच सांग. उद्या मला विचारतील." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. परतताना अंगणात ते मध्येच थांबले आणि मनोऱ्याकडं बघत उभे राहिले. मीही बघितलं, वर दोन कबुतरं होती. आईनं दारातच विचारलं, "काय म्हणाले?" बाबा म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं." आईनं बशा उगाच उतरवल्या आणि परत रचल्या. आम्ही राहत होतो ते छप्पर चर्चचं होतं. ह्यावर आमच्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही. फक्त वर्षानं, काकाच्या वाढदिवशी, बाबा सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "धाकटा आज तीस पुरा झाला असता." आई पटकन म्हणाली, "गेलेल्या माणसाचं वय वाढत नाही." आणि मग, आपण फार कठोर बोललो असं वाटून, त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं असं मी म्हणणार नाही. आठवणीला मी वाचन मानत नाही, त्यात निरीक्षकाच्या अंगाची ऊब फार असते. पण काही गोष्टी पक्क्या आहेत. ऊन स्वच्छ होतं. रस्ता माणसांनी भरला होता आणि कोणीतरी आमच्या फाटकालाही झेंडा लावून गेलं होतं. थोरले पाळक नवा कोट घालून आले आणि बाबांना म्हणाले, "सातला सुरू कर. पाव तास. चांगली खणखणीत होऊ दे, आपली घंटा मागं राहिली असं कोणी म्हणायला नको." बाबा म्हणाले, "बरं." आम्ही दोघं मनोऱ्यात गेलो. मी माझ्या पायरीवर बसले. बाबांनी मोठ्या दोराला हात लावला, त्यावरची कापडाची चिंधी जिथं धरायची तिथं नीट गुंडाळली, आणि मग तो दोर सोडून दिला. लहान दोर धरला. पहिला ठोका पडला तेव्हा बाहेरून आनंदाची आरोळी आली. दुसरा पडेपर्यंत माझी बोटं आपोआप चालू झाली होती, एक, दोन, तीन, नऊपर्यंत. मी बाबांकडं बघितलं. ते भिंतीकडं तोंड करून होते आणि त्यांची पाठ हलत होती. ते रडत असतील तर त्यांना मोजता येणार नाही हे माझ्या लक्षात आलं, म्हणून नवांबरोबर ठोकेही मीच मोजायला लागले. उजव्या हातावर नऊ, मनात ठोके. बाहेरचा आवाज हळूहळू खाली बसला. दहाव्या ठोक्याला तर एक बाई कोणाला तरी विचारत होती तेही ऐकू आलं, "कोण गेलं गं?" एकतीस. एकतिसाव्यानंतर नऊ झाले, पुन्हा नऊ झाले, आणि बाबांनी बाहीनं तोंड पुसून मोठा दोर धरला, आणि ती घंटा मी पुन्हा कधी तशी ऐकली नाही. ते दोराबरोबर जमिनीवरून उचलले जात होते. खाली आमच्या घरात दोन बशा फुटल्या.

दुपारी चार वाजता मंडळीचे पंच जमले. बाहेर लोक चिडलेले होते, फाटकाच्या आतही. पंचांमध्ये एक घड्याळजी होते. बारीक, स्वच्छ, खिशात नेहमी दोन घड्याळं, एक बघायला आणि एक त्यावर विश्वास नसल्यामुळं. ते म्हणाले, "सात वाजता सुरू झाली आणि पाच मिनिटांच्या वर चालली. म्हणजे तीसच्या आसपास ठोके. खिळे जुळवणारा किती वर्षांचा होता?" एक जण म्हणाला सव्वीस ऐकले, दुसरा म्हणाला चौतीस. सुरुवातीपासून कोणीच मोजलं नव्हतं, कारण त्या दिवशी मोजायचं आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, "सवयीनं झालं. दोन वर्षं तापाची साथ, हाताला लहान दोरच लागलाय. चुकलो." आणि ते हसले. बाबांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ओठ एकीकडं, डोळे दुसरीकडं. घड्याळजी म्हणाले, "पोरगी होती ना वर? ती मोजते, मला ठाऊक आहे." मला बोलावलं. दार ओलांडायच्या आधी आईनं माझा दंड धरून कानात सांगितलं होतं, "विचारलं तर मोजले नाहीत म्हणायचं. ऐकलंस? काही मोजलं नाहीस तू." थोरले पाळक माझ्यापुढं वाकले. त्यांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. "बाळ, किती ठोके झाले? नसतीलच मोजले म्हणा तू, एवढ्या गडबडीत." मी म्हटलं, "मोजले नाहीत." ती माझी पहिली खोटी नोंद. गंमत म्हणायचीच तर ही, की खरं सांगितलं असतं तरी बाबा सुटले असते. घड्याळजींना एकोणतीस हवे होते आणि माझ्याकडं एकतीस होते. पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चूक झाली. माणूस आहे," असं म्हणून त्यांनी सभा मोडली. त्यांनाही सगळं कळलं होतं हे मला फार उशिरा समजलं. त्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. छप्पर राहिलं, नोकरी राहिली, मी शिकले. फक्त काकाची घंटा वाजूनही कोणाच्या नावावर लागली नाही. सगळ्या शहरानं ऐकली आणि कोणालाच पोचली नाही.

दुसरी खोटी नोंद मात्र सर्वस्वी माझी. मी विसाची होते, विज्ञानाच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. बाबा मोठ्या दोराची चिंधी बदलत होते आणि मी सुतळी धरून उभी होते. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "तू त्या दिवशी मोजले होतेस का गं?" कुठल्या दिवशी हे विचारायची गरज नव्हती. मला वाटलं, ह्यांचा हिशोब चुकला होता हे ह्यांना अजून ठाऊक नाही. काकाला एकोणतीस द्यायचे होते आणि रडण्याच्या भरात दोन जास्त दिले. आयुष्यात एकदाच हा माणूस कोणाला न विचारता काही करून बसला, त्यातही चूक निघाली, हे मी का सांगू? मी म्हटलं, "नाही बाबा. लहान होते मी." ते म्हणाले, "बरं." तेच, पाळकांना म्हणाले होते तसंच. सुतळीची गाठ मारली, उरलेलं टोक दातांनी तोडलं. त्यानंतर बारा-तेरा वर्षं ते जगले आणि पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

तर पाळकांच्या फोननंतर त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी दोन कोरी पानं घेऊन बसत होते. 'चुकून' लिहिलं की सगळं सोपं होतं. बाकीची गंमत त्या शब्दावर आपोआप चढत जाते. तो शब्द काढला की बाबा पंचांसमोर खोटं बोलले होते असं होतं, आई मला खोटं शिकवत होती असं होतं, आणि मी दोनदा. शिवाय दोन जास्तीचे ठोके राहतातच. ते कुठं ठेवायचे? रविवारी बहीण आली. ती आली की माझं स्वयंपाकघर ताब्यात घेते. पातेल्यांच्या झाकणांवरून मला बोल लावता लावता तिनं टेबलावरची पानं पाहिली, आणि मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलायची थांबली. "म्हणजे मुद्दाम?" "हो." "आणि तू पन्नास वर्षं बसलीस हे पोटात घालून?" "हो." "धन्य आहे तुझी! इतकं तर वजनसुद्धा गप्प बसत नाही." मग ती उठून खिडकीशी गेली. "ताई, राहू दे ना. विसरभोळी माणसं गोड असतात. माझ्याकडं बाबांचं दुसरं आहे काय? तुझ्याकडं मनोरा आहे, दोर आहे, सगळं आहे. माझ्याकडं तेवढी एक गोष्ट. ती पण चुकीची निघाली तर मी पोरांना काय सांगू?" ती परत बसली, नाक पुसलं, शेंगा ओढून घेतल्या. मग आमच्याकडं नेहमी म्हणतात तसं, काहीच मनात नसताना, नुसतं बोलायचं म्हणून म्हणाली, "बाबा असते तर यंदा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असते."

मी हातातली शेंग खाली ठेवली. धाकटा आज तीस पुरा झाला असता. चहाची वाफ, आईचा हात, गेलेल्या माणसाचं वय वाढत नाही. तो वाढदिवस स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधीचा. आणि काका जाऊन त्या सकाळी दोन वर्षं झाली होती. एकोणतीस आणि दोन. एवढी बेरीज. ह्या बेरजेला काकानं समासात अंगठासुद्धा उठवला नसता, आणि चौतीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून बसणाऱ्या बाईला ती पन्नास वर्षं जमली नाही. कारण मी नियम धरून बसले होते; ठोके मेल्या दिवसापर्यंतचे. बाबांनी त्या सकाळी नियम सोडला होता, तोही पहिल्यांदाच. ज्या दिवसासाठी तो गेला त्या दिवसापर्यंत बाबांनी त्याला जिवंत धरलं होतं, वर्षागणिक मोजत आणलं होतं, झेंडे लागलेल्या रस्त्यापर्यंत, आणि मग घंटा दिली. एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की रडता रडता मोजले ते भरले की नाही. दोघांनी मोजलं की चूक होत नाही. दुसरं वाचन माझ्याकडं होतं, अगदी बरोबर होतं, आणि मी ते त्यांना दिलं नाही. दयेपोटी दिलं नाही. बहीण म्हणाली, "ताई? ताई, काय झालं? पाणी आणू?" मी तिला बेरीज सांगितली. तिच्या मांडीवरच्या शेंगा एकेक करून जमिनीवर पडत होत्या आणि आम्ही दोघींनी त्या उचलल्या नाहीत. मग ती म्हणाली, "हे सांगेन मी पोरांना." आणि थोड्या वेळानं, "वहाणांचं पण सांगेन. वहाणा खऱ्या होत्या ना?" मी म्हटलं, "वहाणा खऱ्या होत्या."

तरुण पाळकांनी माझी दोन पानं माझ्यासमोरच वाचली. वाचता वाचता त्यांचा मोठा आवाज हळूहळू खाली आला. म्हणाले, "मावशी, मी हे प्रवचनात... लोक हसले होते." मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं." "पंच विचारतील, इतकी वर्षं का नाही सांगितलं?" "भीती वाटत होती म्हणून. तसंच सांगा. मीही सांगेन." त्यांनी कपाट उघडून जुनं रजिस्टर काढलं. पान सापडायला वेळ लागला. रेघ अजून तांबडी होती. ते म्हणाले, "ही मला पुसता येणार नाही. खरवडली तर कागदच जाईल. पण खाली एक नवी ओळ लिहिता येईल." मग रजिस्टर मिटलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. "त्या दिवशी सकाळी मोठी घंटा तरुण मुलं वाजवणार आहेत. त्याआधी लहान दोर तुम्ही ओढाल का? मी आधी बाहेर सगळं वाचून दाखवीन. कशासाठी आहे ते लोकांना कळलेलं असेल." मी म्हटलं, "एक्याऐंशी होतात आता." ते घटकाभर गोंधळले, मग त्यांनी मनात बेरीज केली, आणि मान हलवली.

मनोरा मला वाटला होता तेवढा उंच नव्हता. माझी पायरी होती, मध्यावर झिजलेली. बहिणीनं रुमाल पसरला आणि तिथं बसली. बाहेर पाळकांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण एका ठिकाणी काकाचं पूर्ण नाव आलं ते दोघींना कळलं. इतक्या वर्षांत ते कोणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मग शांतता. मी दोर ओढला. मला वाटलं होतं, माझी मोजणी चुकायची नाही. मोजण्याशिवाय मी दुसरं केलंय काय? तीसपर्यंत मी नीट होते. एकतिसाव्याला बाबांची पाठ दिसली. त्यानंतर काळी बोटं दिसली, वहीचा समास, जेवताना घास खाली ठेवणारा हात, आणि मग दोराशिवाय काही दिसेना. बाहेरून एकही आवाज नव्हता. माणसं मोजत उभी असावीत. ठोका पडत होता, नऊ होत होते, पुन्हा पडत होता, आणि त्याचा आकडा माझ्याजवळ नव्हता. असंच झालं असणार त्यांचं. असंच. हात दुखायला लागले तरी मी थांबेना, कारण थांबायचं कुठं हे मला ठाऊक नव्हतं. मग दोरावर माझ्या हाताच्या वर दुसरा हात आला.

"बास, ताई. झाले."

"किती?" मी विचारलं.

"एक्याऐंशी," बहीण म्हणाली. "मोजलेत मी."